चिठ्ठी कोणी काढली? मानसशास्त्रातल्या प्रयोगांचे प्रकार आणि ते करायचे कसे

दिवाळीची सुट्टी संपली की शेवटच्या वर्षाची मुलं प्रोजेक्टचे विषय घेऊन येतात. संवाद दरवर्षी तोच.

"मॅडम, मला प्रयोग करायचाय. मोबाईलचा अभ्यासावर होणारा परिणाम."

"बरं. काय करणार?"

"गुगल फॉर्म पाठवणार. दिवसातून किती तास मोबाईल बघता आणि मागच्या सेमिस्टरला किती टक्के पडले."

ही पाहणी झाली. पाहणी करायला हरकत नाही, पण तिला प्रयोग म्हणता येत नाही, कारण यात तुम्ही काहीच बदललेलं नाही. मोबाईल जास्त बघणाऱ्याला मार्क कमी पडले असतील, तर मोबाईलमुळे अभ्यास बिघडला, की अभ्यासात मन रमेना म्हणून पोरगं मोबाईलकडे वळलं, की घरातल्या कटकटीमुळे दोन्ही झालं, हे तो फॉर्म सांगू शकत नाही. एक गोष्ट मुद्दाम बदलायची, बाकीच्या होता होईल तेवढ्या सारख्या ठेवायच्या आणि मग काय होतं ते मोजायचं, याला प्रयोग म्हणतात. जी गोष्ट आपण बदलतो ती स्वतंत्र चल आणि जी मोजतो ती परतंत्र चल. काही पुस्तकांत स्वाश्रयी-पराश्रयी असे शब्द सापडतील. अर्थ तोच.

सांगलीत मी बरीच वर्षं मानसशास्त्राची प्रॅक्टिकल्स घेते आहे. प्रयोगांचे प्रकार मुलांना तोंडपाठ असतात, पण स्वतःचा प्रयोग त्यातल्या कोणत्या खणात बसतो ते विचारलं की गाडी अडते. म्हणून इथे प्रकारांची यादी पाठ करून घेण्यापेक्षा, एक प्रश्न हातात धरून प्रयोग कसा उभा करायचा ते सांगते.

आधी प्रश्न एका ओळीत बसवा

"मोबाईलचा अभ्यासावर परिणाम" यातला एकही शब्द मोजता येत नाही. तो असा आवळा: मोबाईल बाकावर उलटा ठेवलेला असताना, तो बाहेरच्या खोलीत ठेवलेला असतानापेक्षा, पंधरापैकी कमी शब्द आठवतात का?

आता काय करायचं ते आपोआप समोर येतं. पंधरा शब्दांची यादी, प्रत्येक शब्द दोन सेकंद दाखवायचा, मग एक मिनिट शंभरपासून तीन-तीन वजा करत उलटे आकडे म्हणायला लावायचे आणि शेवटी दोन मिनिटांत आठवतील ते शब्द कागदावर. अपेक्षित उत्तर आत्ताच तारखेसह वहीत लिहून ठेवा. निकाल पाहिल्यावर "मला हेच वाटत होतं" असं प्रत्येकालाच वाटतं.

मग विचारा: कोण कोणत्या गटात जाणार, हे कोण ठरवतंय?

माझ्या मते प्रयोगांचं सगळं वर्गीकरण या एका प्रश्नावर उभं आहे. खोलीत केला की रस्त्यावर, हा प्रश्न त्यानंतरचा. आणि हे मी ठेच खाऊन शिकले.

एम.ए.ला असताना मी असाच एक प्रयोग केला. सकाळच्या तुकडीचे मोबाईल बाहेर ठेवले, दुपारच्या तुकडीचे बाकावर. दुपारच्या मुलांना चांगलेच कमी शब्द आठवले. मी खूश. आमच्या सरांनी तक्ता पाहिला आणि एवढंच विचारलं, "दुपारची पोरं येतात कुठनं?" येत होती तासगाव, कवठेमहांकाळकडून. सकाळी भाकरी खाऊन एसटीने निघालेली, तीन वाजता पेंगुळलेली आणि चारच्या गाडीकडे डोळे लावून बसलेली. मी मोबाईलचा परिणाम मोजतेय असं समजत होते, प्रत्यक्षात एसटीचं वेळापत्रक मोजून ठेवलं होतं.

सकाळ-दुपार हे गट मी पाडलेले नव्हते, कॉलेजने आधीच पाडले होते. गट आपण चिठ्ठ्या टाकून पाडले, तर एसटीने येणारे, भुकेलेले, हुशार, आळशी असे सगळे दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. कोणकोणत्या बाबतीत ते वेगळे असतील याची यादी आपल्याला करता येत नाही, आणि चिठ्ठी टाकली की ती करावीही लागत नाही.

चिठ्ठ्या कशा टाकायच्या तेही सांगते, कारण इथे बहुतेक जण घाई करतात. चाळीस सहभागी असतील तर पाठकोऱ्या कागदाचे एकाच मापाचे चाळीस कपटे करा. वीसवर 'बाक' लिहा, वीसवर 'बाहेर'. सगळ्यांना सारख्याच घड्या. झाकणाचा स्टीलचा डबा घ्या आणि हलवा. माणूस आत आला, माहिती वाचली, संमतीपत्रावर सही केली, की मग त्याची चिठ्ठी काढायची. आधी नाही. पुढची चिठ्ठी कोणती ते माहीत असेल तर आपण नकळत "हिला थोडं थांबव, आधी त्याला घे" असं करतो. काढलेली चिठ्ठी डब्यात परत टाकायची नाही. काम चार-पाच दिवस चालणार असेल तर चार-चार चिठ्ठ्यांची पाकिटं करा, प्रत्येकात दोन 'बाक', दोन 'बाहेर'. म्हणजे सोमवारी सगळे बाकवाले आणि शुक्रवारी सगळे बाहेरवाले असं होणार नाही. आधी येतील ते वीस एका गटात, नंतरचे वीस दुसऱ्यात, हे तर करूच नका. आधी येणारे म्हणजे पहिल्या बाकावरचे.

एक गोंधळ जर्नलमध्ये हमखास सापडतो. हजार मुलांच्या यादीतून चाळीस जण चिठ्ठीने उचलणं ही यादृच्छिक निवड. हाताशी असलेल्या चाळिसांना दोन गटांत चिठ्ठीने वाटणं ही यादृच्छिक वाटणी. पहिलीमुळे निष्कर्ष हजारांना लागू करता येतो, दुसरीमुळे "हे यामुळे झालं" असं म्हणता येतं. आपल्याकडे पहिली क्वचितच जमते. दुसरी जमलीच पाहिजे.

प्रकार पहिला: प्रयोगशाळेतला प्रयोग

चिठ्ठी तुमची, खोलीही तुमची. १८७९ मध्ये विल्हेल्म वुंट यांनी लाइपझिगला प्रयोगशाळा काढली, तेव्हापासूनची ही मूळ पद्धत. प्रयोगशाळा म्हटलं की महागडी उपकरणं डोळ्यांसमोर आणू नका. शांत खोली, एक बाक, स्टॉपवॉच आणि दारावर 'प्रयोग चालू आहे, आत येऊ नये' असा कागद, एवढ्यात भागतं.

जे. रिडली स्ट्रूप यांचा १९३५ चा प्रयोग सगळीकडे करून घेतात: 'लाल' हा शब्द हिरव्या शाईत छापायचा आणि शाईचा रंग विचारायचा. वाचन इतकं अंगवळणी पडलेलं असतं की शब्द मध्ये लुडबुडतो आणि उत्तराला वेळ लागतो. आमच्याकडे यात एक स्थानिक अडचण येते. जत तालुक्यातली काही मुलं कन्नड माध्यमातून आलेली असतात, मिरजेतली काही उर्दू माध्यमातून. त्यांना देवनागरी वाचता येते, पण ती नजरेत भरल्याबरोबर आपोआप वाचली जाईलच असं नाही. मग त्यांच्यात अडथळा कमी दिसतो आणि विद्यार्थी लिहून मोकळा होतो की यांचं लक्ष जास्त एकाग्र! शाळेचं माध्यम आधी विचारून घ्या आणि शक्य असेल तर त्या लिपीतले पत्ते बनवा.

या प्रकाराचं दुखणं असं की बंद खोलीत माणूस माणसासारखा वागेलच याची खात्री नसते. "तुम्हाला काय पायजे ते सांगा, तसं करतो," असं मला एका सहभागी मुलाने अगदी आपुलकीने सांगितलं होतं. मॅडमना काय हवंय याचा अंदाज घेऊन लोक तसं वागतात. उलट बाजूने प्रयोगकर्ताही नकळत इशारे देतो. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये हान्स नावाचा घोडा खूर आपटून बेरजा करून दाखवायचा. ऑस्कर फुंग्स्ट यांनी तपासलं तर विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की घोड्यालाही येईना. तो समोरच्याच्या अंगाची बारीकशी हालचाल वाचत होता. म्हणून सूचना कागदावर लिहा आणि प्रत्येकाला तोच कागद त्याच आवाजात वाचून दाखवा. मध्येच 'शाब्बास' नाही, मान डोलावणं नाही. आणि उत्तरपत्रिका तपासणाऱ्या मैत्रिणीला कोणती कोणत्या गटातली ते कळू देऊ नका.

दोन गट, एकच गट, की जोड्या?

हा प्रश्न कोणत्याही प्रकारात येतो, म्हणून इथेच उरकते.

भिन्न गट म्हणजे वीस जण बाक, दुसरे वीस बाहेर. सोपं, पण माणसं जास्त लागतात. आणि वीस-वीसमध्ये फरक मोठा असेल तरच दिसतो. नाही दिसला तर "परिणाम नाही" असं लिहू नका, "आढळला नाही" असं लिहा.

एकच गट म्हणजे तेच वीस जण दोन्ही वेळा. माणूस स्वतःशीच ताडला जातो, त्यामुळे माणसामाणसांतला फरक मध्ये येत नाही. पण दुसऱ्या वेळी सराव झालेला असतो किंवा कंटाळा आलेला असतो. म्हणून निम्म्यांना आधी बाक मग बाहेर, निम्म्यांना आधी बाहेर मग बाक. ही वाटणीही चिठ्ठीनेच. शब्दांच्या याद्याही दोन लागतात, आणि त्याही आलटून पालटून. इथे एका मुलीची फसगत पाहिली आहे. तिच्या पहिल्या यादीत पाट, चूल, विळा, चाळण होते आणि दुसऱ्या यादीत निष्पक्ष, सार्वभौम, तत्त्वज्ञ. डोळ्यांसमोर येणारी वस्तू लक्षात राहणारच. दोन्ही याद्यांत अक्षरसंख्या, जोडाक्षरं आणि वस्तुवाचक शब्द सारखे ठेवा, मग आधी पाच जणांवर दोन्ही याद्या मोबाईलविना चालवून बघा. सरासरीत मोठी तफावत आली तर शब्द बदला.

जोड्यांच्या पद्धतीत आधी सगळ्यांची स्मरणाची एक छोटी चाचणी घ्यायची, गुणांप्रमाणे उतरत्या क्रमाने नावं मांडायची, पहिले दोन ही एक जोडी, पुढचे दोन दुसरी, आणि प्रत्येक जोडीत नाणं उडवायचं. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट बांडुरा यांनी १९६१ मध्ये बाहुलीला मारणाऱ्या मोठ्यांना पाहून मुलं काय करतात ते तपासलं, तेव्हा मुलांच्या मूळच्या आक्रमकतेप्रमाणे असेच सारखे गट लावले होते. पदवीच्या प्रोजेक्टला एवढी खटपट बहुधा परवडत नाही.

प्रकार दुसरा: क्षेत्रीय प्रयोग

चिठ्ठी तुमची, जागा लोकांची. त्यांना आपण प्रयोगात आहोत हे माहीत नसतं, म्हणून वागणं खरं असतं.

एलन लँगर आणि सहकाऱ्यांचा १९७८ चा प्रयोग यासाठी झकास आहे. न्यूयॉर्कमध्ये विद्यापीठातल्या झेरॉक्स मशिनपाशी एकाने मध्ये घुसायची परवानगी मागायची. पाचच पानं असताना नुसतं विचारलं तर ६० टक्के लोकांनी जाऊ दिलं. "घाईत आहे" म्हटल्यावर ९४ टक्के. आणि "कारण मला झेरॉक्स काढायची आहे" असं पोकळ कारण दिलं तरी ९३ टक्के! वीस पानं म्हटल्यावर मात्र पोकळ कारणाची जादू संपली. नुसतं विचारणं आणि पोकळ कारण, दोन्हींना २४ टक्केच. खऱ्या कारणाला ४२.

आमच्या एका विद्यार्थ्याने हा प्रयोग सरकारी कचेरीसमोरच्या झेरॉक्सच्या दुकानात करायचं ठरवलं. पहिल्याच दिवशी सातबाऱ्याचे कागद घेऊन आलेले एक काका म्हणाले, "आरं, आमी बी झेरॉक्सच काढाय आलोय की!" आणि तरी त्याला पुढे जाऊ दिलं. खरी पंचाईत वेगळीच निघाली. न्यूयॉर्कमध्ये मशिनपाशी एक माणूस असतो, आपल्याकडे गराडा असतो. रांगच नाही तर पुढे जाऊ दिलं हे ठरवायचं कसं? शेवटी त्याने व्याख्या बांधली: ज्याला विचारलं त्याने आपले कागद दुकानदाराकडे देणं थांबवलं तर 'हो', आपलेच आधी पुढे केले तर 'नाही', आणि तोंडाने काहीही म्हणाला तरी ते मोजायचं नाही. क्षेत्रात उतरायच्या आधी एक तास नुसतं उभं राहून बघा, म्हणजे अशा व्याख्या सुचतात.

आणखी दोन गोष्टी. कुणाला विचारायचं हे चेहरा बघून ठरवू नका, नाहीतर गरीब स्वभावाचीच माणसं निवडली जातील. सगळ्यात शेवटी आलेल्या माणसाला विचारायचं, असा नियम करा. आणि कोणतं वाक्य म्हणायचं त्याचा क्रम घरूनच चिठ्ठ्या काढून खिशात लिहून न्या.

इथे आधी संमती घेता येत नाही, म्हणून बंधनं जास्त. सार्वजनिक जागा, मिनिटभराचं काम, कुणाचं नुकसान किंवा फजिती नाही, फोटो-व्हिडिओ अजिबात नाही, दुकानदाराची आधी परवानगी आणि झाल्यावर त्या माणसाला खरं काय ते सांगणं. चक्कर आल्याचं नाटक करून कोण मदत करतं ते बघायचा मोह सगळ्यांना होतो. नको. लोक रिक्षा बोलावून दवाखान्यात नेतील.

प्रकार तिसरा: नैसर्गिक प्रयोग

इथे चिठ्ठी परिस्थिती काढते. दक्षिण अटलांटिकमधल्या सेंट हेलेना बेटावर १९९५ मध्ये टीव्ही पोचला. संशोधकांनी मुलांचं खेळाच्या मैदानावरचं वागणं त्याआधी आणि नंतर टिपलं, आणि अनेकांना वाटत होती तशी मारामारीत वाढ त्यांना दिसली नाही.

पण आपल्या भागासाठी याहून जवळचं उदाहरण उसाचं आहे. आनंदी मणी, सेंथिल मुल्लैनाथन, एल्डार शफीर आणि जियायिंग झाओ यांनी २०१३ मध्ये 'सायन्स' नियतकालिकात एक अभ्यास छापला. तमिळनाडूतल्या ५४ गावांतले ४६४ ऊस उत्पादक. तोडणीआधी हात आखडलेला आणि तोडणीनंतर पैसा आलेला, अशा दोन वेळी त्याच शेतकऱ्यांच्या बुद्धीच्या चाचण्या घेतल्या. एक आकृत्यांची आणि एक अंकांची: '५५५' दाखवायचं आणि किती अंक आहेत ते विचारायचं. उत्तर तीन, पण तोंडात पाच येतं. तोच माणूस पैसा आल्यावर जास्त चांगलं करत होता. पैशाच्या चिंतेने डोकं किती व्यापतं, याचा हा पुरावा म्हणून मांडला जातो.

यातलं मर्म वाळवा-पलूसच्या माणसाला लगेच कळेल. कारखाना सगळ्यांचा ऊस एकदम तोडत नाही. गाळपाच्या क्षमतेप्रमाणे तोडणी महिनोन्‌महिने चालते. त्यामुळे एकाच महिन्यात काहींचा ऊस गेलेला असतो, काहींचा उभा असतो. फरक ऋतूमुळे पडला असं म्हणायला जागा कमी राहते. दुसऱ्यांदा चाचणी दिल्यामुळे सराव झाला असेल, ही शंकाही त्यांनी काढली होती. काही शेतकऱ्यांची पहिली चाचणीच तोडणीनंतर घेतली.

हा अभ्यास आपल्याकडे करायचा तर एक दुरुस्ती करा. ऊस तुटला म्हणजे पैसे आले असं नाही. ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे चौदा दिवसांत बिल द्यायला हवं, पण ते पुढे जातं हे कुणाला सांगायला नको. तेव्हा 'आधी' आणि 'नंतर' ही रेघ तोडणीच्या तारखेवर न मारता खात्यात रक्कम जमा झाल्याच्या तारखेवर मारा. आणि तोडणीचा प्रोग्राम खरंच नोंदीप्रमाणे लागला का ते चौकशी करून पाहा. वशिल्याने ज्यांचा ऊस आधी जातो ते मुळातच वेगळे असतात, आणि मग ती चिठ्ठी निसर्गाने काढलेली राहत नाही.

ऑगस्ट २०१९ च्या महापुरानंतर तीन-चार वर्षं मुलं एकच विषय आणायची: पूरग्रस्तांमधली चिंता. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी धोक्याची पातळी ४५ फूट आहे आणि पाणी त्याच्या बरंच वर गेलं होतं. विषय खरा आहे, पण पाणी शिरलेली घरं आणि कोरडी राहिलेली घरं यांत पाण्याखेरीजही फरक असतात. सखल भागातली घरं, तिथली भाडी, तिथले व्यवसाय वेगळे. त्यातल्या त्यात बरा मार्ग म्हणजे पाणी जिथे थांबलं त्या रेघेच्या अलीकडची आणि पलीकडची, एकाच गल्लीतली घरं घेणं. आणि आठवणी उकरताना कुणी कोलमडलं तर पुढे कुणाकडे पाठवायचं, ते आधी ठरलेलं असू द्या. ते ठरलेलं नसेल तर हा विषय मी मंजूर करत नाही.

प्रकार चौथा: प्रयोगसदृश अभ्यास

चिठ्ठी कुणीच काढलेली नसते. गट आधीच पडलेले असतात: मराठी माध्यम आणि सेमी इंग्रजी, मुलगे आणि मुली, अ तुकडी आणि ब तुकडी. माझा एम.ए.चा फसलेला प्रयोग याच खणातला. अशा वेळी किमान आधीची मोजणी घ्या. दोन्ही तुकड्यांची चाचणी आधी घ्या, मग एका तुकडीला तुमचं नवं तंत्र शिकवा, मग पुन्हा दोन्हींची चाचणी. कोणती तुकडी किती पुढे आहे यापेक्षा कोण किती सरकलं ते बघायचं. लिहिताना "यामुळे" हा शब्द टाळून "याच्यासोबत" लिहा.

एकाच मुलावर करायचा प्रयोगही असतो: आठवडाभर नुसती नोंद, आठवडाभर बक्षिसाची पद्धत, पुन्हा आठवडाभर बंद, पुन्हा चालू. वागणं प्रत्येक वेळी वर-खाली झालं तर पटतं. विशेष शिक्षणाच्या शाळांत हे फार उपयोगाचं आहे.

करायला घेताना

संमतीपत्र मराठीत, एका पानात, आणि "मधूनच उठून जाता येईल" हे वाक्य ठळक. अकरावी-बारावीची मुलं घेणार असाल तर ती बहुधा अठराच्या आतली असतात, म्हणजे पालकांची सहीही लागते. हे शेवटच्या आठवड्यात आठवून उपयोग नाही.

खरं काम सुरू करण्याआधी दोघांवर अख्खा प्रयोग चालवून बघा आणि त्यांचे आकडे टाकून द्या. सूचनेतला कोणता शब्द कळत नाही, स्टॉपवॉच कुठे अडतं, शेजारच्या वर्गातली प्रार्थना किती वाजता सुरू होते, सगळं तेव्हाच समजतं.

आकडेमोड मांडणीवरून ठरते. भिन्न गट असतील तर स्वतंत्र गटांची टी चाचणी (दोन सरासऱ्यांतला फरक तपासणारी), एकच गट किंवा जोड्या असतील तर जोडीची टी चाचणी, 'हो-नाही' असं उत्तर असेल तर काय-वर्ग (काय-स्क्वेअर) चाचणी. नकोसे वाटणारे सहभागी नंतर वगळू नका. २०१५ मध्ये मानसशास्त्रातले १०० प्रसिद्ध झालेले अभ्यास पुन्हा करून पाहिले, तर ३६ टक्क्यांतच सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय निकाल आला. त्यामुळे तुमचा प्रयोग नीट करूनही 'फरक आढळला नाही' असा निघाला तर तसाच लिहा, मार्क कमी पडत नाहीत.

काम संपलं की प्रत्येक सहभागीला दोन मिनिटं बसवून कशासाठी काय केलं ते सांगा. आणि चिठ्ठ्यांचा निकाल ज्या कागदावर क्रमाने उतरवला, तो जर्नलच्या शेवटच्या पानाला टाचून ठेवा. तोंडी परीक्षेत बाहेरचे परीक्षक जर्नल चाळतात आणि बहुतेक वेळा पहिलं तेच विचारतात: गट कसे पाडले?